खालिद जमील : मिडफिल्डर ते भारताचे कोच (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

भुसावळला आम्ही चार-पाच जण पोरांना फुटबॉल शिकवतो. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारताचे कोच झाले आणि तेव्हापासून फोनवर, ग्राउंडच्या कडेला, चहाच्या टपरीवर तेच तेच प्रश्न यायला लागले. जळगावहून, चाळीसगावहून, शहाद्याहूनसुद्धा. काही पालकांचे, काही पोरांचे, काही रेल्वेतून रिटायर झालेल्या जुन्या खेळाडूंचे. दर वेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं इथे मांडून ठेवतोय. सामन्यांचे निकाल नोव्हेंबर २०२५ पर्यंतचे आहेत.

एक खुलासा आधीच. आपल्याकडे खेळाडूला एकेरी हाक मारतात आणि कोचला अहो-जाहो करतात. म्हणून २००९ पर्यंतचा जमील इथे 'तो' आहे आणि त्यानंतरचे जमील 'ते'. माणूस एकच.

१. हे खालिद जमील नेमके कोण? आम्ही तर नाव पहिल्यांदाच ऐकलं.

मुंबईच्या मैदानांवर घडलेले माजी मिडफिल्डर. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या तीन मुंबईकर संघांतून खेळले. भारताची जर्सीही घातली. दुखापतींमुळे खेळणं थांबलं, आणि २००९ मध्ये ज्या क्लबात खेळत होते त्याच क्लबाचे कोच झाले. २०१७ मध्ये मिझोरमच्या आयझॉल एफसीला आय-लीग (तेव्हाची देशाची मुख्य लीग) जिंकून दिली. पुढे ईस्ट बंगाल, मोहन बागान, नॉर्थईस्ट युनायटेड आणि जमशेदपूर एफसी असा प्रवास करून १ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रीय संघाच्या मुख्य कोचपदी निवडले गेले. नाव पहिल्यांदा ऐकलं यात तुमचा दोष नाही. त्यांनी आयुष्यभर गाजावाजा टाळला आहे, आणि आपल्याकडे फुटबॉलची बातमी क्रिकेटच्या पानावर तळाशी दोन ओळींत असते.

२. त्याचा जन्म कुवेतचा म्हणतात. मग भारताकडून कसा खेळला?

आई-वडील भारतीय होते, म्हणून. जन्म २१ एप्रिल १९७७, कुवेत. आखाती युद्धाच्या काळात तिथली अनेक भारतीय कुटुंबं परत आली, त्यांतच हेही मुंबईला आले. पासपोर्टची भानगड कुठेच नव्हती. जन्म कुठला यापेक्षा नागरिकत्व कुठलं याला महत्त्व असतं. आपल्याकडेही आखातात नोकरी केलेली घरं आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

३. मिडफिल्डर म्हणजे आमच्या वेळचा 'हाफ' ना?

हा प्रश्न कायम साठीच्या पुढच्या माणसांकडून येतो. उत्तर आहे : बरंचसं तेच, पण पूर्ण नाही.

जुन्या रचनेत मागे दोन फुल बॅक, मध्ये तीन हाफ आणि पुढे पाच फॉरवर्ड असायचे. राइट हाफ, सेंटर हाफ, लेफ्ट हाफ ही मधली फळी. पुढे संघ बचाव घट्ट करू लागले, तसा सेंटर हाफ मागे सरकत सरकत दोन फुल बॅकच्या मध्ये जाऊन उभा राहिला. काम बदललं तरी नाव तेच राहिलं. म्हणून इंग्रज समालोचक आजही मधल्या बचावपटूला 'सेंटर हाफ' म्हणतात आणि आपले जुने खेळाडू टीव्हीसमोर वैतागतात की हा तर बॅक आहे, हाफ कुठला!

आजचा मिडफिल्डर म्हणजे बचाव आणि आक्रमण यांच्या मध्ये राहून दोन्हीकडे बघणारा. पोरांना मी भुसावळचंच उदाहरण देतो. मुंबईहून गाडी आली की आपल्या स्टेशनापुढे एक लाइन नागपूरकडे जाते, एक खंडव्याकडे. गाडी रूळ बदलणाऱ्या पॉइंट्समनच्या मालकीची नाही, ती पोचल्यावर हार त्याच्या गळ्यात पडत नाही, पण सांधा चुकला तर सगळ्यांना त्याचंच नाव आठवतं. मिडफिल्डरचं तसंच आहे.

४. खेळाडू म्हणून तो किती मोठा होता? खरं सांगा.

खरं सांगायचं तर चांगला होता, पण दंतकथा व्हावी इतका मोठा नाही. १९९७ मध्ये महिंद्रा युनायटेडमध्ये आला, वर्षभराने एअर इंडियात गेला, २००२ मध्ये परत महिंद्राकडे. तेव्हाचा महिंद्रा युनायटेड म्हणजे देशातल्या तगड्या संघांपैकी एक. २००५-०६ मध्ये त्यांनी राष्ट्रीय लीग (आय-लीगच्या आधीची देशाची लीग) जिंकली, पण या काळात जमीलचा बराच वेळ दुखापतींशी झगडण्यात गेला. २००७ मध्ये नव्याने निघालेल्या मुंबई एफसीत गेला आणि दोन वर्षांत बूट टांगले.

भुतिया किंवा विजयन या भारताच्या गाजलेल्या फॉरवर्डसारखी त्याच्या नावाची गाणी झाली नाहीत. मला मात्र ही बाब महत्त्वाची वाटते. दुखापतीने बाहेर बसलेला मिडफिल्डर महिनोन्‌महिने एकच काम करतो : दुसऱ्यांचा खेळ बघत राहतो. कोच घडायला सुरुवात तिथेच होत असावी, असा माझा अंदाज.

५. मोहन बागान आणि ईस्ट बंगालला त्याने नकार दिला, ही गोष्ट खरी की व्हॉट्सअ‍ॅपवरची?

खरी. कोलकात्याच्या या दोन्ही मोठ्या क्लबांकडून खेळण्याची संधी त्याला आली होती. त्या काळात दोन्हीकडे मद्याच्या ब्रँडचं प्रायोजकत्व होतं, छातीवर तेच नाव छापलेलं असायचं. धार्मिक वृत्तीच्या जमीलने ते घालायला नकार दिला आणि मुंबईतच राहिला.

याची किंमत काय होती ते समजून घ्या. तेव्हा भारतीय फुटबॉलमध्ये पैसा, गर्दी, नाव, सगळं कोलकात्यात होतं. आमच्या भुसावळहून गीतांजली पकडली की थेट हावड्याला उतरवते. भारतभरचे खेळाडू असेच कुठून कुठून तिकडे जायचे. हा गेला नाही. कोच म्हणून दोन्ही क्लबांत पुढे गेले, त्याबद्दल प्रश्न १० पाहा.

६. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी माणूस कोच होतो? एवढ्या लवकर?

बत्तिशीत बहुतेक जण अजून एखादा मोसम मिळतो का बघत असतात. जमील यांच्या शरीराने तो पर्याय ठेवला नाही. मुंबई एफसीने २००९ मध्ये त्यांच्याकडे संघ सोपवला. काल ज्यांच्याबरोबर ड्रेसिंग रूममध्ये बसले, आज त्यांनाच 'तू बाहेर बस' सांगायचं. हे जमलं नाही म्हणून कित्येक चांगले खेळाडू पहिल्याच वर्षी कोचिंग सोडतात. जमील त्या खुर्चीवर सात वर्षं टिकले. परीक्षाही टप्प्याटप्प्याने देत गेले आणि आशियाई फुटबॉल महासंघाचं सर्वांत वरचं प्रो लायसन्स मिळवलं. लायसन्सची शिडी प्रश्न १७ मध्ये आहे.

७. "सात वर्षांत एक कप नाही, तं मग कौतिक कशाले?"

हा प्रश्न यावलच्या एका काकांनी जसा विचारला तसाच ठेवला आहे, कारण यापेक्षा नेमका विचारता येणार नाही.

मुंबई एफसी हा कमी पैशाचा क्लब होता. परदेशी खेळाडू परवडतील ते, भारतीय खेळाडू बाकीच्यांनी सोडलेले किंवा अजून कुणाला न दिसलेले. अशा संघाचं मोसमाचं उद्दिष्ट एकच असतं : खालच्या विभागात ढकललं जायचं नाही. जमील असेपर्यंत मुंबई एफसी एकदाही खाली गेली नाही. २०१६ मध्ये ते गेले. २०१६-१७ च्या मोसमात क्लब शेवटचा आला, बाहेर पडला आणि पुढे बंदच झाला. केळीवाल्या शेतकऱ्याला हे सांगावं लागणार नाही. वादळाच्या वर्षी ज्याची बाग उभी राहिली त्याला कुणी बक्षीस देत नाही, पण गावात सगळ्यांना माहीत असतं.

माझं मत असं की जमील यांचं खरं शिक्षण याच सात वर्षांत झालं. हरायचं कसं नाही, हे ते इथे शिकले. त्यांची ताकद हीच, आणि त्यांची मर्यादाही हीच. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हा धागा दिसेल.

८. आयझॉलने नेमकं काय केलं? सगळे 'चमत्कार' म्हणतात, पण नीट कुणी सांगत नाही.

नीट सांगतो, जरा लांबेल.

आयझॉल एफसी म्हणजे मिझोरमच्या राजधानीतला, डोंगरातला क्लब. २०१६-१७ च्या आय-लीगमध्ये दहा संघ, प्रत्येकाचे अठरा सामने. समोर मोहन बागान, ईस्ट बंगाल, बेंगळुरू एफसी असे क्लब, ज्यांच्या एकेका परदेशी खेळाडूच्या पगारात आयझॉलचा अर्धा संघ उभा राहिला असता. जमील यांनी संघ जमवला तो असा : स्थानिक मिझो पोरं, जी पळायला थकत नाहीत, मुंबईहून ओळखीचे खेळाडू, त्यांत आपला मराठी जयेश राणे आणि बचावात आशुतोष मेहता, गोलमध्ये गोव्याचा अल्बिनो गोम्स, आणि मोजके परदेशी. मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल-अमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जर्यान. मिडफिल्डर कोचने सगळ्यात आधी स्वतःची जागा भरली, असं म्हणायला हरकत नाही.

घरचं मैदान डोंगरावर, पाहुण्या संघांना तिथपर्यंत पोचतानाच दमायला होई. आयझॉल घरी सहसा वाकत नसे. मोसम संपत आला तेव्हा शर्यत दोघांतच उरली, आयझॉल आणि मोहन बागान. २२ एप्रिल २०१७ ला दोघं आयझॉलमध्ये समोरासमोर आले. ऐंशी मिनिटं होऊन गेली तरी शून्य-शून्य. मग कॉर्नरवर झोमिंगलिआना राल्ते या बचावपटूने डोक्याने गोल केला. १-०.

३० एप्रिलला शेवटचा सामना शिलाँगला, शिलाँग लाजाँगविरुद्ध. आयझॉलला बरोबरी पुरेशी होती. तिकडे मोहन बागान त्याच वेळी कोलकात्यात चेन्नई सिटीशी खेळत होती. नवव्या मिनिटाला लाजाँगच्या दिपांडा डिकाने गोल केला आणि सगळं उलटं झालं. मध्यांतराला आयझॉल मागे. दुसऱ्या अर्धात, सदुसष्टाव्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली. उरलेला वेळ कसा गेला ते विचारू नका. मोहन बागानने आपला सामना २-१ जिंकला, पण उपयोग झाला नाही. आयझॉल ३७ गुण, मोहन बागान ३६.

अकरा विजय, चार बरोबरी, तीन पराभव. ईशान्येतल्या एखाद्या क्लबाने देशाची लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ.

९. पण आयझॉल आदल्या वर्षी खालच्या विभागात गेलं होतं ना? मग त्या लीगमध्ये होतंच कसं?

बारीक वाचणाऱ्याचा प्रश्न. बरोबर आहे, २०१५-१६ मध्ये आयझॉल नऊ संघांत आठवं आलं आणि नियमाप्रमाणे बाहेर पडलं होतं. पण पुढच्या मोसमाआधी गोव्याच्या क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं, जागा रिकाम्या झाल्या, आयझॉलनेही दाद मागितली आणि भारतीय फुटबॉल महासंघाने त्यांना परत घेतलं. म्हणजे जो संघ कागदावर त्या लीगमध्ये असायलाच नको होता, त्याने ती जिंकली. जमील यांच्या वाट्याला आलेलं नशीब ते हेच. बाकीचं नशीब नव्हे.

१०. एवढं जिंकल्यावर कोलकात्यात काय बिनसलं?

विजयानंतर ईस्ट बंगालने त्यांना नेलं, अल-अमनाही तिकडेच गेला. ईस्ट बंगालने राष्ट्रीय लीग शेवटची जिंकली होती २००३-०४ मध्ये. लोकांचा धीर संपलेला. २०१७-१८ मध्ये ते चौथे आले. मोसमाच्या शेवटी सुपर कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचले, तिथे बेंगळुरू एफसीने ४-१ ने हरवलं. दुसरीकडे कुठे चौथा क्रमांक आणि एक अंतिम सामना म्हणजे पगारवाढ, तिथे निरोप.

जानेवारी २०१९ मध्ये मोहन बागानने अर्ध्या मोसमात बोलावलं, संघ पाचवा आला आणि तेही संपलं. पुढच्या वर्षी किबू विकुन्या या स्पॅनिश कोचने त्याच क्लबाला आय-लीग जिंकून दिली, त्यामुळे तुलना टळली नाही.

माझं निदान साधं आहे. आयझॉलमध्ये बरोबरी झाली तरी लोक टाळ्या वाजवत. कोलकात्यात बरोबरी म्हणजे सुतक. न हरण्यावर उभा केलेला खेळ तिथे पुरत नाही. शिवाय जमील पत्रकारांपुढे फार बोलत नाहीत, दोन वाक्यांत उत्तर संपवतात. ज्या शहरात रोज फुटबॉलची पानं भरायची असतात तिथे हे चालत नाही.

११. आयएसएलमधले (इंडियन सुपर लीग) 'पहिले भारतीय कोच' ते की दुसरं कुणी? प्रत्येक ठिकाणी वेगळं लिहिलेलं असतं.

कारण 'पहिले' हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो.

जानेवारी २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने स्पॅनिश कोच जेरार्ड नुस यांना काढलं, तेव्हा साहाय्यक असलेल्या जमील यांच्याकडे संघ *हंगामी* म्हणून आला. कोरोनामुळे सगळे सामने गोव्यात, रिकाम्या मैदानांवर. उरलेल्या साखळीत संघ एकही सामना हरला नाही, तिसरा आला आणि बाद फेरीत पोचला. उपांत्य फेरीत एटीके मोहन बागानकडून दोन सामने मिळून ३-२ ने हार झाली. आयएसएल संघाला बाद फेरीत नेणारे पहिले भारतीय कोच, ही त्यांची पहिली नोंद.

ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच क्लबाने त्यांना *कायम* मुख्य कोच केलं. कायम पदावरचे पहिले भारतीय, ही दुसरी नोंद. तोपर्यंत भारतीयांना मिळायची ती हंगामी खुर्ची. साहेब येईपर्यंत ऑफिस सांभाळणाऱ्या हेडक्लार्कसारखी. आता न आवडणारा भाग : कायम झाल्यावरच्या त्या मोसमात नॉर्थईस्ट अकरा संघांत दहावे आले.

१२. जमशेदपूरला त्यांनी काय वेगळं केलं?

२०२३ च्या अखेरीस स्कॉट कूपर यांच्या जागी गेले. लगेच जानेवारीत सुपर कपची उपांत्य फेरी. पूर्ण मोसम मिळाला तो २०२४-२५ चा : ३८ गुणांसह पाचवे, बाद फेरीत आपल्याच जुन्या नॉर्थईस्टला २-० ने हरवलं, उपांत्य फेरीचा पहिला सामना घरी मोहन बागानवर २-१ ने जिंकला. कोलकात्यातल्या परतीच्या सामन्यात ०-१ वर, म्हणजे दोन्ही सामने मिळून २-२ वर, खेळ अतिरिक्त वेळेकडे निघाला होता, आणि भरपाईच्या मिनिटांत बागानच्या अपुइयाने लांबून फटका मारला. संपलं. मे महिन्यात सुपर कपच्या अंतिम सामन्यात एफसी गोवाकडून ०-३.

कप इथेही नाही. पण परदेशी कोचांनी भरलेल्या लीगमध्ये कमी खर्चाचा संघ दर आठवड्याला झुंजताना दिसला. महासंघाने त्यांना २०२३-२४ आणि २०२४-२५ असे लागोपाठ दोनदा वर्षातले सर्वोत्तम पुरुष कोच ठरवलं.

१३. भारताचे कोच झाल्यापासून जिंकलो किती, हरलो किती?

आधी निवडीबद्दल. आधीचे कोच मानोलो मार्केझ गेल्यावर १७० अर्ज आले. शेवटच्या तिघांत जमील, भारताचे जुने कोच स्टीफन कॉन्स्टंटाइन आणि स्लोव्हाकियाचे स्टेफान तारकोविच. जमील निवडले गेले. २०११-१२ मधल्या साविओ मेदेरा यांच्यानंतर या पदावर बसलेले ते पहिले भारतीय.

सुरुवात ताजिकिस्तानात, काफा नेशन्स कप या मध्य आशियातल्या स्पर्धेत. काही क्लबांनी खेळाडू सोडले नाहीत, सुनील छेत्रीला जमील यांनी घेतलं नाही. २९ ऑगस्टला यजमान ताजिकिस्तानला २-१ ने हरवलं, अन्वर अली आणि संदेश झिंगन या दोघा बचावपटूंचे गोल. मग इराणकडून ०-३, अफगाणिस्तानशी ०-०, आणि तिसऱ्या क्रमांकासाठी ओमानशी १-१ होऊन पेनल्टींवर ३-२ विजय. ओमान क्रमवारीत आपल्यापेक्षा पन्नासहून अधिक पायऱ्या वर. त्या रात्री आमच्या ग्रुपवर एवढे मेसेज आले की फोन गरम झाला.

मग आशियाई चषकाची पात्रता. हा गट जमील यांच्याकडे आला तेव्हाच अडचणीत होता : दोन सामन्यांत एक गुण, आणि गटातून एकच संघ पुढे जाणार. ऑक्टोबरमध्ये छेत्रीला परत बोलावलं. सिंगापूरमध्ये दहा खेळाडूंनिशी खेळून रहीम अलीच्या शेवटच्या क्षणीच्या गोलने १-१. पाच दिवसांनी मडगावात त्याच सिंगापूरशी आधी छांगतेचा सुरेख गोल आणि मग १-२ ने हार. २०२७ चा आशियाई चषक तिथेच हुकला. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशकडून ०-१, बावीस वर्षांत पहिल्यांदा.

आता लोक दोन टोकांना बोलतात. एक म्हणतात, "देशी कोच कशाला केला?" दुसरे म्हणतात, "आधीच्याने घाण केली, यांचा काय दोष?" मला दोन्ही पटत नाही. गट वारशाने वाईट आला हे खरं. घरच्या मैदानावर एका गोलची आघाडी टिकली नाही, हेही खरं. आणि आघाडी टिकवणं हीच तर त्यांची खासियत मानली जाते.

१४. ते फारच बचावात्मक खेळवतात. कंटाळा नाही येत?

कधी कधी येतो. त्यांचे संघ घट्ट बांधलेले असतात, चेंडू समोरच्याकडे राहिला तरी घाबरत नाहीत. चेंडू मिळाला की सरळ पुढे, आणि सेट पीसवर (कॉर्नर, फ्री किक) भरपूर मेहनत. आयझॉलचा बागानविरुद्धचा गोल कॉर्नरवरचा, हे आठवत असेल. मात्र 'मिडफिल्डर होता तर पासिंग का नाही?' हा आक्षेप चुकीचा आहे. गिरणीत जे धान्य आणाल त्याचंच पीठ मिळणार. कळणा (ज्वारी-उडदाचं मिश्रण) दळायला टाकून मैद्याची अपेक्षा कशी करायची? आणि कळण्याच्या भाकरीला वांग्याच्या भरताबरोबर काय चव असते ते आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

१५. जगातले मोठे कोच मिडफिल्डरच का असतात?

बरेच असतात, सगळे नाहीत. ग्वार्दिओला, अँचेलोत्ती, झिदान, देशाँ, शाबी अलोन्सो हे सगळे मधल्या फळीतले. देशाँने १९९८ चा विश्वचषक कर्णधार म्हणून उचलला आणि २०१८ चा कोच म्हणून. अँचेलोत्तीने खेळाडू म्हणून युरोपचा कप दोनदा आणि कोच म्हणून पाचदा जिंकला. अलोन्सोच्या लेव्हरकुसनने २०२३-२४ ची जर्मन लीग एकही सामना न हरता घेतली. कारण उघड आहे. मिडफिल्डरला दोन्ही बाजूंना आणि पाठीमागेही बघावं लागतं, म्हणून त्याच्या डोक्यात पूर्ण मैदानाचा नकाशा असतो.

पण अपवाद मोजायला बसलात तर नियम डळमळतो. फर्ग्युसन फॉरवर्ड होते. मोरिन्यो खेळाडू म्हणून नगण्य. अरिगो साक्की तर बुटांच्या धंद्यात होते, आणि एसी मिलानला लागोपाठ दोनदा युरोपचा कप दिला. आपलेच सय्यद अब्दुल रहीम शाळामास्तर. त्यांनी भारताला १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये चौथं स्थान आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवून दिलं. उलटंही घडतं : पिर्लोसारखा जादूगार मिडफिल्डर युव्हेंटसमध्ये एका मोसमात नोकरी गमावून बसला.

१६. भारतात असे आणखी कोण आहेत?

गोव्याचे क्लिफर्ड मिरांडा. तिथल्याच डेंपो क्लबाचे मिडफिल्डर, एप्रिल २०२३ मध्ये हंगामी कोच असताना ओडिशा एफसीला सुपर कप जिंकून दिला. मणिपूरचे रेनेडी सिंग, फ्री किकसाठी प्रसिद्ध, त्यांनी ईस्ट बंगाल आणि बेंगळुरूमध्ये हंगामी जबाबदारी सांभाळली. दोघांच्याही बाबतीत 'हंगामी' हा शब्द आलाच, लक्षात आलं असेल (प्रश्न ११).

१७. माझा मुलगा मिडफिल्डर आहे. खेळाडू नाही झाला तर कोच तरी होईल ना?

'तरी' काढून टाका, मग बोलू. कोचिंग ही नापास खेळाडूची एटीकेटी नाही.

रस्ता असा आहे. अठरा वर्षं पूर्ण झाली की महासंघाचं डी लायसन्स. मग आशियाई महासंघाचं सी, बी, ए आणि शेवटी प्रो. मधे उड्या मारता येत नाहीत. प्रत्येक पायरीनंतर प्रत्यक्ष संघ शिकवल्याचा अनुभव दाखवावा लागतो. महाराष्ट्रात कोर्ससाठी राज्य संघटनेकडे, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे बघायचं. खान्देशातल्या पोरासाठी म्हणजे मुंबई-पुण्याची वारी आलीच. रेल्वेगाव असल्याचा तेवढा फायदा आपल्याला आहे. आणि शाळेत असेपर्यंत सुब्रोतो कपच्या शालेय फेऱ्या सोडू नका, तालुका-जिल्हा-विभाग या क्रमाने खेळला तर कुणाच्या तरी नजरेस पडतो.

१८. तुमच्याकडे पाठवलं तर पहिल्या महिन्यात काय शिकवाल?

एप्रिल-मेमध्ये सराव सकाळी सहाला. पंचेचाळीस अंशांत संध्याकाळी पाचलाही जमीन भाजते. पावसाळ्यात आपली काळी माती बुटाला अशी चिकटते की एकेक पाय दोन किलोचा होतो. तेव्हा चेंडू बाजूला ठेवून भिंतीजवळच्या मुरुमावर पासिंग करतो. बूट महागडे नकोत. पाण्याची बाटली स्वतःची.

मिडफिल्डर व्हायचं असेल तर एक खेळ पहिल्या दिवसापासून. पोरगा चेंडूची वाट बघत उभा, पास अजून वाटेत आहे, आणि मी त्याच्या पाठीमागे उभा राहून हाताची बोटं वर करतो. चेंडू पायाशी यायच्या आत त्याने मान वळवून बघायचं आणि आकडा ओरडायचा. पहिल्या आठवड्यात सगळे चेंडूकडेच बघत राहतात. तिसऱ्या आठवड्यात एखादा "चार!" म्हणून ओरडतो, आणि मी तीनच बोटं दाखवलेली असतात, पण निदान मान वळलेली असते.